स्विफ्ट १.३ पेट्रोल (२००९): गिअरबॉक्सच्या बाजूने ऑइल गळतंय. मागचं क्रँक सील की दुसरं काही?

चाकोरी

गाडी मारुती स्विफ्ट व्हीएक्सआय, १.३ पेट्रोल, २००९. धाव १,१८,००० किमी, रोज ३०-३५ किमी, बहुतेक शहरात. ऑइल ५डब्ल्यू-३०, दर १०,००० किमीला बदलते. टायमिंग बेल्ट ९५,००० ला बदललाय.

लक्षणं अशी:

रात्रभर उभी राहिली की फरशीवर चार-पाच थेंब, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याखाली. सिग्नलला थांबलं की जळक्या तेलाचा वास येतो, काच खाली असेल तर जास्तच. गेल्या १,५०० किमीत ऑइल मोजायच्या पट्टीवरची पातळी वरच्या खुणेवरून मध्यावर आली. सकाळी पहिली दोन मिनिटं इंजिन थरथरतं, नंतर सुरळीत.

एका गॅरेजने खालून टॉर्च मारला आणि सांगितलं, मागचं क्रँक सील (क्रँकशाफ्टच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाची रबरी रिंग) गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, आणि उतरवतोच आहोत तर क्लच सेटही टाकून घ्या. दुसरीकडे सांगितलं, जुनी गाडी आहे, जाड ऑइल टाका आणि विसरा. पंधरा वर्षांनंतरचं नोंदणीचं नूतनीकरण करून पुढची पाच वर्षं मिळवली आहेत, त्यामुळे गाडी ठेवायचीच आहे. गिअरबॉक्स उतरवण्याआधी काय काय तपासावं? क्लच आत्ता व्यवस्थित चालतोय, घसरत नाही.

---

सतरा_नंबर

गिअरबॉक्सला हात लावू देऊ नका. निदान आत्ता नको.

सांध्याखाली थेंब दिसला की बहुतेक जण मागच्या सीलचं नाव घेतात, कारण थेंब तिथून पडतो. पण तेल गळतं एका जागी आणि पडतं दुसऱ्याच. ते खाली उतरतं, आणि गाडी चालू असताना वाऱ्याने मागे ढकललं जातं. इंजिनाच्या डोक्यावरून (सिलिंडर हेड) निघालेला ओघळ ब्लॉकच्या कडेने उतरून गिअरबॉक्सच्या घंटेवर (क्लचभोवतीचं घंटेसारखं घर) येतो आणि तिच्या सर्वांत खालच्या टोकाला लोंबतो. खालून बघणाऱ्याला फक्त टोक दिसतं.

तुमच्या लक्षणांतली दोन मागच्या सीलशी जुळत नाहीत. पहिलं, जळका वास. मागच्या सीलचं तेल घंटेच्या आत पडतं, ते गरम एक्झॉस्टवर सहसा पोचत नाही. वास येतोय म्हणजे कुठेतरी वरून एक्झॉस्टच्या मॅनिफोल्डवर ठिबकतंय, आणि मॅनिफोल्डच्या वर आहे टॅपेट कव्हर, म्हणजे डोक्यावरचं झाकण. दुसरं, सकाळची थरथर. या इंजिनात (जी१३बीबी, सोळा व्हॉल्व्ह) स्पार्क प्लग टॅपेट कव्हरमधल्या खोल विहिरींत बसतात. विहिरीच्या रिंगा कडक झाल्या की तेल विहिरीत साचतं, प्लगच्या रबरी बुटात शिरतं आणि ठिणगी भलत्याच वाटेने जाते. गरम झाल्यावर थरथर जाते म्हणून कोणी तिकडे बघत नाही.

आता हिशेब. वीस थेंब म्हणजे साधारण एक मिली. रात्री पाच थेंब धरले तर महिनाभरात दहा मिलीसुद्धा भरत नाहीत. तुमची पट्टी अर्धी उतरलीय, म्हणजे जवळपास अर्धा लिटर. म्हणजे फरशीवरचा डाग हा मूळ गळतीचा अगदी छोटा भाग. बाकीचं एकतर इंजिन चालू असताना रस्त्यावर सांडतंय किंवा जळतंय. दोन्ही तपासावं लागेल.

क्रम असा ठेवा: आधी कोणतं द्रव आहे ते ठरवा, मग इंजिन धुवा, मग वरून खाली बघत या, मग पीसीव्ही (इंजिनात साचणारा वायू बाहेर काढणारा व्हॉल्व्ह). सील, पॅकिंग, पैसे हे सगळं त्यानंतर.

---

घाटमाथा

पहिल्या पायरीत भर. गाडीखाली रात्रभर पांढरा पुठ्ठा ठेवा, त्यावर पुढच्या चाकांच्या जागा पेनाने आखून घ्या. सकाळी डाग नेमका कुठे पडला ते कळतं आणि रंगही कळतो.

इंजिन ऑइल तपकिरी-काळं, बोटांवर पातळ. गिअर ऑइल जास्त चिकट, पिवळसर, आणि वास अगदी वेगळा, सडक्या गंधकासारखा. एकदा घेतला की विसरत नाही. हा वास आला तर क्रँक सील सोडा, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं किंवा अॅक्सलचं सील बघा. अॅक्सल सील असेल तर ड्राइव्ह शाफ्ट गिअरबॉक्समध्ये शिरतो तिथे ओलं दिसेल आणि चाकाच्या आतल्या बाजूला शिंतोडे असतील. कूलंट रंगीत आणि बोटाला गुळगुळीत, वास गोडसर. ब्रेक ऑइल जवळपास बिनरंगी, रंगावर पडलं तर रंग उडतो. पॅसेंजर बाजूला नुसतं पाणी असेल तर एसीचं आहे, सोडून द्या. या स्विफ्टचं पॉवर स्टीअरिंग विजेवर चालतं, त्यामुळे स्टीअरिंग ऑइलची शक्यता आपोआप बाद.

---

चाकोरी

पुठ्ठा ठेवला. डाग काळपट, पातळ, गंधकाचा वास नाही. म्हणजे इंजिन ऑइलच. इंजिन धुवायचं म्हणजे सर्व्हिसिंग सेंटरमधला प्रेशर पंप चालेल का? आणि ते निळ्या दिव्याखाली चमकणारं रसायन घ्यावं का?

---

सतरा_नंबर

प्रेशर पंप नको. अल्टरनेटर, कॉइल आणि सेन्सरच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरलं की गळती सापडायच्या आधी नवीनच दुखणं सुरू होईल, आणि प्लगच्या विहिरींत पाणी गेलं तर थरथर तेलाची की पाण्याची हेही कळणार नाही.

इंजिन पूर्ण थंड असू द्या. अल्टरनेटर आणि कॉइलवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधा. अॅल्युमिनियमला चालणारा डिग्रीझर फवारा (कॉस्टिक असलेला नको, तो अॅल्युमिनियम खातो), दहा मिनिटं भिजू द्या, जुन्या टूथब्रशने कोपरे घासा, कमी दाबाच्या पाण्याने धुवा. डिग्रीझर नसेल तर ब्रश आणि डिझेल चालतं, पण नंतर साबणाच्या पाण्याने डिझेल पूर्ण काढा आणि सुकल्याशिवाय स्टार्टर मारू नका. सांधे शेवटी ब्रेक क्लीनरने कोरडे करा.

मग इंजिन पंधरा मिनिटं जागेवर चालवा आणि टॉर्च घेऊन बघा. काही दिसलं नाही तर वीस किलोमीटर फिरवून आणा आणि पुन्हा बघा. त्यानंतर शंभर किलोमीटरला. पहिला ओलावा जिथे दिसेल ती जागा कागदावर लिहून ठेवा, फोटो काढा. दुसऱ्या दिवशी सगळंच ओलं असतं आणि मग पुन्हा धुवावं लागतं.

पाझर बारीक असेल तर कोरड्या धातूवर टाल्कम पावडर भुरभुरा. तेल जिथून निघतं तिथे पावडरीत गडद रेघ उमटते. रेघेचं वरचं टोक म्हणजे गळतीचं मूळ. दहा-वीस रुपयांत काम होतं, म्हणून चमकणारं रसायन मी दुसऱ्या फेरीसाठी राखून ठेवतो. ते घेतलंच तर तेलात चालणारं घ्या, एसी गॅसचं नको. बाटलीवर लिहिलेल्या मापाने टाका, पन्नासेक किलोमीटर चालवा आणि अंधारात बघा. आधी सांडलेल्या तेलात ते नसतं, फक्त नव्या गळतीत दिसतं, हा त्याचा खरा फायदा. पण त्याच वेळी ऑइल भरताना बाहेर सांडलं तर सगळं चमकेल.

आणि हे करताना फिलर कॅपचं रबर आणि पट्टीच्या तळाची ओ-रिंगही बघा. दोन्ही ठिकाणचं तेल टॅपेट कव्हरवरूनच ओघळतं आणि पॅकिंगवर विनाकारण आळ येतो.

---

पाना_पकड

मागचं सील बाद करायची एक सोपी चाचणी राहिली. घंटेच्या खाली फ्लायव्हीलचा पत्रा असतो, छोटे बोल्ट काढले की निघतो. आत बोट फिरवा. आत कोरडं आणि बाहेर ओलं असेल तर मागच्या सीलचा संबंध नाही. आत तेलाचा चिखल असेल तरच गिअरबॉक्स उतरवायची भाषा करा.

आणि बाहेरून ओलं असेल तर या इंजिनावर मी आधी बघतो ते डोक्याचं गिअरबॉक्सकडचं टोक. तिथे कॅम सेन्सर (कॅमशाफ्टची स्थिती सांगणारा) बसवलेलं घर आहे. जुन्या ८०० आणि एस्टीमवर डिस्ट्रिब्युटर डोक्याच्या याच टोकाला असायचा. त्याची ओ-रिंग वर्षानुवर्षं उष्णतेने चपटी होते, नखाने दाबली तर खडूसारखी तुटते. तेल बरोबर घंटेच्या माथ्यावर पडतं आणि मग सतरा_नंबर म्हणतात तसं. सर्वांत स्वस्त रिंग सर्वांत महागड्या सीलचं सोंग घेते.

बेल्टच्या बाजूचाही आढावा घ्या, कारण तिथे पुढचं क्रँक सील आणि कॅम सील आहेत. टायमिंग बेल्टचं वरचं प्लास्टिक कव्हर काढून आत बघा. बेल्ट तेलाने भिजलेला असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवा. भिजलेला बेल्ट फुगतो, दात सोलले जातात, आणि तो कधी तुटेल हे किलोमीटरवरून सांगता येत नाही.

---

जुनी_पट्टी

एवढा खटाटोप कशाला? २०डब्ल्यू-४० टाका, गळती निम्म्यावर येते. बाजारात गळती थांबवणारी बाटलीही मिळते.

---

सतरा_नंबर

बाटली रबर फुगवते, मऊ करते. कडक झालेलं सील काही महिने बसल्यासारखं वाटतं, पण सोबत इंजिनातली चांगली सीलंही मऊ होतात. फाटलेल्या पॅकिंगवर किंवा तुटलेल्या ओ-रिंगवर तिचा काहीही उपयोग नाही, आणि इथे प्रकार तोच दिसतो. जिची गाडी पुढच्या महिन्यात भंगारात जाणार आहे तिच्यासाठी ठीक.

जाड ऑइलबद्दल: मॅन्युअलमध्ये तापमानाप्रमाणे ग्रेडचा तक्ता आहे, त्या तक्त्यात बसणारा जाड ग्रेड घेतला तर नुकसान नाही. पण थंड सुरुवातीला ते वर पोचायला वेळ लावतं आणि भोक तसंच राहतं. उलट, सिंथेटिक टाकलं म्हणून गाडी गळायला लागली हे जे ऐकू येतं त्यातही तेलाचा दोष थोडाच असतो. कडक झालेल्या सीलभोवती साचलेला मळ पॅकिंगचं काम करत असतो, आणि चांगलं तेल तो मळ धुऊन काढतं.

---

जुनी_पट्टी

भंगाराचं वाक्य जरा झोंबलं, पण मुद्दा मान्य. बाटली मागे घेतो, जाड ऑइल नाही. गळती सापडेपर्यंतच्या दोन-तीन आठवड्यांत पातळी टिकवायला तक्त्यातला वरचा ग्रेड बरा पडतो.

---

चाकोरी

धुतलं, पावडर टाकली, वीस किलोमीटर फिरवली. निकाल असा:

फ्लायव्हीलच्या पत्र्याआत पूर्ण कोरडं. बेल्ट कोरडा. कॅम सेन्सरच्या घराखाली पावडरीत गडद रेघ, ती थेट घंटेच्या माथ्यावर उतरते. टॅपेट कव्हरचा एक्झॉस्टकडचा कोपरा ओला. दोन नंबरच्या प्लगच्या विहिरीत बोटाच्या पेराएवढं तेल, तीन नंबरमध्ये नुसता ओलसरपणा, बाकी कोरड्या. धूर सकाळी नाही, चढावरही नाही.

पीसीव्ही कसा तपासायचा? आणि सामान काय काय आणू?

---

घाटमाथा

पीसीव्ही आधी, कारण तो अडकलेला असेल तर नवीन पॅकिंगही सहा महिन्यांत ओलं होईल.

पिस्टनच्या कडेने थोडा वायू कायमच खाली चेंबरमध्ये (तेल साठतं ते भांडं) उतरतो. त्याला बाहेर पडायची वाट म्हणजे टॅपेट कव्हरमधून इनटेक मॅनिफोल्डकडे जाणारी नळी, आणि तिच्यावर बसवलेला एकदिशा व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह मळाने चिकटला किंवा नळी आतून बुजली की दाब आत साचतो आणि सर्वांत कमजोर जागेतून तेल ढकलतो. एकाच वेळी तीन-चार ठिकाणी पाझर सुरू झाला असेल तर संशय आधी याच्यावर. तुमच्याकडे तीन जागा आहेत.

चाचण्या दोन. इंजिन गरम करून जागेवर चालू ठेवा, फिलर कॅप काढा (थोडे शिंतोडे उडतील, फडकं धरा) आणि भोकावर कागद ठेवा. कागद हलका आत ओढला गेला किंवा निदान पडून राहिला तर ठीक. कागद उडतोय, फसफस वाफ येतेय, तर एकतर पीसीव्ही बंद आहे किंवा पिस्टन रिंगा झिजल्यात. दुसरी: पीसीव्ही नळीसकट काढा, इंजिन चालू असताना त्याच्या तोंडावर बोट ठेवा. ओढ जाणवली पाहिजे. मग इंजिन बंद करा, व्हॉल्व्ह कानाशी हलवा. आतली सुई खुळखुळली पाहिजे. आवाज नाही तर बदला. कार्ब्युरेटर क्लीनरने धुऊन तात्पुरता सुटतो, पण सुटा भाग स्वस्त आहे, धुण्यात वेळ घालवण्यासारखं नाही. नळीही दाबून बघा. कडकडत असेल तर तीही बदला, नाहीतर काढताना फाटेल आणि जागेवर आरपीएम वरखाली व्हायला लागतील.

---

चाकोरी

कागद उडाला. व्हॉल्व्ह मुका आहे, खुळखुळ नाही. नळी टोकाला तडकलेली.

---

पाना_पकड

सामानाची यादी, दुकानात चेसिस नंबर सांगूनच घ्या, कारण या मॉडेलमध्ये डिझेल इंजिन पूर्ण वेगळं आहे आणि २०१० नंतरचं १.२ पेट्रोलही वेगळं:

टॅपेट कव्हर पॅकिंग, प्लगच्या विहिरींच्या चारही रिंगा, कव्हरच्या बोल्टखालचे रबरी वायसर, कॅम सेन्सरच्या घराची ओ-रिंग, पीसीव्ही आणि नळी. प्लगचे बूट फुगले असतील तर तेही. ब्रेक क्लीनरचा एक डबा आणि सिलिकॉनची छोटी ट्यूब (अॅनाबॉन्ड ६६६ सारखी आरटीव्ही, जिला तेल चालतं). बाथरूममध्ये भरायचं सिलिकॉन आणू नका, ते तेलात सुटतं.

पॅकिंग ओरिजिनलच घ्या. बाजारातलं स्वस्त पॅकिंग नवीन असताना सारखंच दिसतं, पण ते खोबणीत सैल बसतं आणि वर्षभरात दगड होतं.

---

सतरा_नंबर

कामाचा क्रम. अर्ध्या दिवसाचं आहे, घाई नको.

इंजिन थंड, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. कॉइल आणि वायरींवर नंबर टाकून फोटो घ्या. प्लग काढण्याआधी विहिरीतलं तेल सिरिंजने किंवा काठीला गुंडाळलेल्या फडक्याने टिपून घ्या, नाहीतर ते सिलिंडरमध्ये उतरेल आणि पहिल्यांदा चालू करताना निळा धूर निघून तुम्ही घाबराल. कव्हरचं काम होईपर्यंत प्लग तिथेच राहू द्या, म्हणजे भोकं बंद राहतात.

कव्हरचे बोल्ट बाहेरून आत असे थोडे थोडे सैल करा. कव्हर चिकटलं असेल तर स्क्रूड्रायव्हर सांध्यात घालून उचकटू नका. तिथे पडलेला एक ओरखडा म्हणजे कायमची गळती. रबरी हातोडीने कडेला हलकं ठोका, निसटतं. कव्हर निघालं की उघड्या डोक्यावर स्वच्छ कापड पसरा. बोल्ट, वायसर, जुन्या रिंगेचा तुकडा आत पडला तर तो शोधणं हे त्या दिवसाचं मुख्य काम होऊन बसतं.

जुनं पॅकिंग आणि जुनं सिलिकॉन प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. जुनं क्रेडिट कार्ड उत्तम. एमरी पेपर नको, त्याची पूड कॅमच्या बेअरिंगमध्ये जाते. दोन्ही पृष्ठभाग ब्रेक क्लीनरने पुसा आणि बोट फिरवून बघा, तेलकट लागलं तर पुन्हा.

नवं पॅकिंग खोबणीत कोरडंच बसवा. सिलिकॉन फक्त कोपऱ्यात, जिथे दोन भागांचा सांधा येतो तिथे, तुरीच्या डाळीएवढा ठिपका. पूर्ण पॅकिंगवर सिलिकॉन फासायची जी पद्धत आहे ती चुकीची आहे, आणि ती फक्त घाणेरडी दिसते एवढ्यापुरती नाही. कव्हर आवळलं की जास्तीचं सिलिकॉन आत सरकतं, सुकतं, तुटतं, तेलाबरोबर चेंबरमध्ये जातं आणि पंपाच्या जाळीवर चिकटतं. मग तेलाचा दाब उतरतो आणि ज्याने गळती थांबवली त्यानेच इंजिन घालवलं असं होतं.

बोल्ट मधून बाहेर, आलटून पालटून, दोन-तीन फेऱ्यांत. साधारण १० न्यूटन-मीटर, म्हणजे छोटा पाना मनगटाने आवळला तेवढंच. गळतंय म्हणून आणखी आवळणं हा सर्वांत जास्त होणारा गाढवपणा. पॅकिंग बाहेर पिळून निघतं किंवा डोक्यातले आटे जातात.

कॅम सेन्सरचं घर: काढण्याआधी घर आणि डोकं दोन्हींवर एक सलग खूण ओढा आणि तसंच परत बसवा. ओ-रिंगेला इंजिन ऑइलचं बोट लावा, पिळ न देता सरळ आत ढकला. कोरडी ढकलली तर कडेला कापली जाते आणि पहिल्याच दिवशी गळते.

प्लगचे बूट तेलाने मऊ आणि फुगलेले असतील तर पुसून परत लावू नका, बदला. सिलिकॉन लावलं असेल तर ट्यूबवर लिहिलेला वेळ जाऊ द्या. रात्रभर ठेवलं तर चिंता नाही.

---

दहा_एमएम

ताईंच्या धाग्यात घुसतो, माफ करा. माझी स्विफ्ट डिझेल, २०११. ऑइल बदलल्यापासून फिल्टरखालून धार लागते. ड्रेन बोल्टही ओला. फिल्टर तोच ओरिजिनल.

---

पाना_पकड

धार लागते म्हणजे इंजिन आत्ता चालवू नका. १.३ मल्टिजेटमध्ये, म्हणजे तुमच्या डिझेल इंजिनात, फिल्टर कागदी काडतुसाचा, घराच्या झाकणात बसतो. झाकणाची जुनी ओ-रिंग तशीच राहून नवी तिच्यावर बसली किंवा नवी खोबणीबाहेर गेली, हीच शक्यता जास्त. झाकण उघडून बघा. ते नीट असेल तर फिल्टरच्या घराचं ब्लॉककडचं पॅकिंग आणि ऑइल कूलरची सीलं बघा, वय झालेल्या मल्टिजेटमध्ये ती जातात. टर्बोमधून तेल परत आणणाऱ्या नळीचे सांधेही त्याच फेरीत बघून घ्या.

ड्रेन बोल्टखालचा वायसर एकदाच वापरायचा असतो, चपटा झाला की झाला. नवा टाका. बोल्ट फिरत राहतो पण घट्ट होत नाही असं असेल तर आटे गेलेत. टेफ्लॉन टेप गुंडाळून ढकलगाडी करू नका. आटे नव्याने पाडून स्प्रिंग इन्सर्ट बसवता येतं, नाहीतर नवा चेंबर.

पेट्रोलवाल्यांसाठी हेच थोडक्यात: ड्रेन बोल्ट ३५ न्यूटन-मीटर. गोल डब्याचा फिल्टर रबर टेकल्यावर हाताने पाऊण फेरा. आणि जुन्या फिल्टरची रबरी रिंग ब्लॉकला चिकटून राहिली नाही ना, ते बोटाने चाचपूनच नवा लावायचा. दोन रिंगांवर बसलेला फिल्टर गॅरेजच्या दारात कोरडा दिसतो आणि हायवेवर सगळं तेल फेकतो.

---

घाटमाथा

फिल्टरजवळ आणखी एक भामटा असतो, ऑइल प्रेशर स्विच. कनेक्टर काढा, आत तेल दिसलं तर स्विच आतून फुटलाय. नवा लावताना आट्यांवर टेप गुंडाळावी लागते, पण पहिला दीड आटा मोकळा सोडा, टेपचा तुकडा तेलाच्या वाटेत जाऊ नये. १४ न्यूटन-मीटर पुरे, आटे चटकन जातात. अनेकदा लोक फिल्टर बदलत बसतात आणि गळत असतो हा.

---

चाकोरी

काम झालं. टॅपेट कव्हर, चारही रिंगा, सेन्सरची ओ-रिंग, पीसीव्ही, नळी, दोन नंबरचा बूट. सकाळची थरथर गेली. कागद आता आत ओढला जातो. पण घंटेखाली अजून रोज एखादा थेंब पडतोय. पुन्हा उघडायचं का?

---

सतरा_नंबर

नाही. घंटेच्या बाहेरच्या फटींत आणि ब्लॉकच्या बरगड्यांत जुनं तेल अडकलेलं असतं, ते उष्णतेने आठवडाभर उतरत राहतं. पुन्हा एकदा ब्रश आणि क्लीनरने तेवढीच बाजू पुसा, सेन्सरच्या घराखाली पावडर टाका. पावडर पांढरी राहिली आणि खाली थेंब पडला तर तो जुना. पावडरीत पुन्हा रेघ आली तर ओ-रिंग कापली गेलीय.

तेलाची पातळी सपाट जागी, गरम इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी बघा, दर ५०० किमीला, आणि लिहून ठेवा. वरच्या खुणेच्या वर भरू नका, जास्तीचं तेल स्वतःच गळती निर्माण करतं. पुढच्या १,५०० किमीत पातळी जवळपास जागची हलली नाही तर तो अर्धा लिटर बाहेरच जात होता. बाहेर कोरडं असूनही पट्टी उतरली तर ते जळतंय: रात्रभर उभी करून सकाळी चालू करताना निळा धूर आला तर व्हॉल्व्ह सील, चढावर एक्सिलरेटर दाबल्यावर आला तर पिस्टन रिंगा. व्हॉल्व्ह सील डोकं न उतरवताही बदलता येतात, पण त्याचा वेगळा धागा काढा.

---

चाकोरी

पावडर पांढरीच आहे. आभार. शेवटचं: सोसायटीच्या पार्किंगच्या टाइल्सवरचे जुने डाग? सेक्रेटरींनी फोटोसकट नोटीस लावलीय.

---

जुनी_पट्टी

लाकडाचा भुसा किंवा कोरडं सिमेंट डागावर पसरा, विटेने रगडा, रात्रभर ठेवा, झाडून काढा. मग कपड्यांच्या पावडरीचा घट्ट लेप, अर्धा तास, ताठ ब्रश आणि गरम पाणी. सच्छिद्र टाइलमध्ये मुरलेला डाग दोन-तीन वेळा करावा लागतो. अॅसिड टाकू नका, टाइलचा रंग जातो आणि तेल तिथेच राहतं. झाडलेला भुसा गटारात नको. पुढे कधी घरी ऑइल बदललंत तर निघालेलं काळं तेलही गटारात नको, ते गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. सेंट्रिंगच्या फळ्यांना लावायला नेणारेही येतात.